बांधकामाचा ठेका : मालक, ठेकेदार आणि ठरलेला शब्द

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



बोरी अरबसारख्या गावात घर बांधणे ही बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट असते. कापूस आणि तूर विकून हाती आलेला पैसा, नोकरीवरील मुलाने पाठविलेली रक्कम, पतसंस्थेचे कर्ज आणि प्रसंगी मोडलेला एखादा दागिना, एवढ्यांची मोळी बांधून पाया खोदला जातो. दिवाळीनंतर काम काढावयाचे आणि मृग लागण्यापूर्वी स्लॅब टाकावयाचा, हा दारव्हा तालुक्यातील सर्वसाधारण परिपाठ. ठेकेदारही परका नसतो. त्याचा बाप मालकाच्या बापाकडे गवंडीकाम करून गेलेला असतो. चहा होतो, वहीच्या एका पानावर चौरस फुटाचा दर लिहिला जातो, इसार दिला जातो आणि काम सुरू होते. सहा महिन्यांनंतर हीच दोन माणसे एकमेकांना ओळख दाखवीनाशी होतात. मालकाच्या मते ठेकेदाराने त्याला लुटले. ठेकेदाराच्या मते मालकाने त्याचे पैसे बुडविले.

यातील विलक्षण गोष्ट अशी की बहुतेक वेळा दोघेही प्रामाणिक असतात. लबाडीने घडणारे तंटे असतातच, त्यांची संख्या थोडीही नाही. पण ते ओळखू येतात आणि त्यांचा निकालही त्या मानाने सोपा असतो. कठीण जातो तो दोन सरळ माणसांमधील तंटा, कारण तेथे प्रत्येकाला आपलीच बाजू खरी असल्याची खात्री असते. वहीच्या पानावर दर लिहिलेला असतो. तो दर कशाचा, हे लिहिलेले नसते. ठरलेल्या कामाचा वाद जवळजवळ नेहमी न ठरलेल्या भागातून उगवतो.

आणि या भागात तो सर्वप्रथम जमिनीतून उगवतो. यवतमाळ जिल्ह्यातील काळी कापसाची माती पाऊस पडला की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कपाशीला ती मानवते, घराला मानवत नाही. तिच्यावर उथळ पाया घेतला तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना तिरप्या भेगा पडतात. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, किंवा काळी माती काढून तेथे मुरूम भरून ठोकावा लागतो. परंतु मुरूम कोठे लागेल हे खोदल्याशिवाय कळत नाही. ठेका ठरतो तो चार-पाच फूट पायाच्या अंदाजावर. पाचव्या फुटाला काळीच माती निघाली की ठेकेदार मालकाला बोलावतो. मालक म्हणतो, ‘‘पक्का पाया करा, कसर नको.’’ या वाक्याचा अर्थ ठेकेदार असा घेतो की वाढीव खोदाई, वाढीव काँक्रीट आणि वाढीव सळईचे पैसे वेगळे मिळणार. मालकाच्या मनात मात्र असे असते की पाया हा घराचाच भाग आहे आणि घराचा दर तर ठरलेला आहे. कामाच्या गडबडीत पुढे कोणीच काही बोलत नाही. हे न बोललेले वाक्य शेवटच्या हिशेबाच्या दिवशी उभे राहते आणि तोवर पाया मातीखाली गेलेला असतो. तो किती खोल आहे हे मोजून पाहण्याचीही सोय उरलेली नसते. खड्डा उघडा असताना दोघांनी मिळून टेप लावली असती आणि तो आकडा तारखेसह वहीत लिहून दोन सह्या केल्या असत्या तर पाच मिनिटे गेली असती.

त्यानंतर येते मोजमाप. ‘ब्रास’ हा शब्द या व्यवसायात सर्वांच्या तोंडी आहे. रेती, गिट्टी आणि मुरूम यांच्या बाबतीत ब्रास म्हणजे शंभर घनफूट. छपाई, फरशी आणि रंगकामाच्या बाबतीत तोच शब्द शंभर चौरस फुटांसाठी वापरला जातो. जाणत्याला यात काही गोंधळ नाही, पण घर बांधणारा गृहस्थ जाणता असतोच असे नाही. त्याहून मोठा घोळ चौरस फुटाच्या दरात आहे. हे चौरस फूट स्लॅबच्या क्षेत्राचे की आतील वापराच्या जागेचे? जिना एकदा धरावयाचा की प्रत्येक मजल्यावर? गॅलरी पूर्ण की अर्धी? छज्जा, पाण्याची टाकी, गच्चीवरील कठडा हे दरात आहेत की बाहेर? हजार चौरस फुटांच्या घरात या प्रश्नांच्या उत्तरांनी दीड-दोनशे चौरस फुटांचा फरक सहज पडतो. ठेकेदाराला स्लॅबचे क्षेत्र अभिप्रेत असते, मालकाने मात्र खोल्यांची बेरीज केलेली असते.

खिडक्यांची वजावट हा तर वर्षानुवर्षांचा वाद आहे. भिंतीच्या छपाईचे पैसे देताना मालक विचारतो, जेथे खिडकी आहे तेथे छपाई कोठे झाली? प्रश्न रास्त आहे. पण खिडकीच्या चारी कडा छापाव्या लागतात आणि त्या कामाला सपाट भिंतीपेक्षा अधिक वेळ जातो, हे ठेकेदाराचे म्हणणेही तितकेच रास्त. बांधकामाच्या मोजणीविषयीच्या भारतीय मानकाने, म्हणजे आयएस १२०० ने, यावर मधला मार्ग काढून ठेवला आहे. अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करावयाची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंतच्या जागेची वजावट भिंतीच्या एकाच बाजूची करावयाची. दुसऱ्या बाजूचे पैसे कडांच्या छपाईपोटी सोडावयाचे. तीन चौरस मीटरहून मोठी जागा असेल तर दोन्ही बाजू वजा करून कडा वेगळ्या मोजावयाच्या. चार फूट बाय चार फूट खिडकी सुमारे दीड चौरस मीटर भरते आणि तीन फूट बाय सात फूट दरवाजा दोन चौरस मीटरच्या आत राहतो. म्हणजे साध्या घरातील जवळजवळ सर्व दारे-खिडक्या मधल्या वर्गात मोडतात. कराराच्या कागदावर ‘मोजणी आयएस १२०० प्रमाणे’ एवढे चार शब्द लिहिले तर एक संपूर्ण भांडण जन्मालाच येत नाही.

आता ‘एक्स्ट्रा काम’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रकरणाकडे वळू या. काम चालू असताना घरातील मंडळी येतात. देवघर जरा पुढे घ्या, ओटा एल आकाराचा करा, येथे एक कोनाडा ठेवा, अशा सूचना होतात. मिस्त्री मान डोलावतो आणि करून टाकतो. यांपैकी कशाचाही दर ठरत नाही. हिशेबाच्या वेळी मालक म्हणतो, लेखी काही नाही, तर पैसे कसले? कायद्याचे उत्तर येथे अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळे आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे आणि त्याच्या कलम ७० मध्ये एक साधा न्याय सांगितला आहे. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही काम केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि त्या दुसऱ्याने त्या कामाचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने त्याची भरपाई केली पाहिजे.

या कलमाचा कस लागला तो बंगालमधील एका प्रकरणात. १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या आणि टंचाईच्या काळात, बी. के. मोंडल अँड सन्स या ठेकेदार पेढीने नागरी पुरवठा खात्यासाठी कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, कार्यालय, स्वयंपाकघर आणि साठवणुकीच्या शेड बांधून दिल्या. अधिकाऱ्यांनी काम सांगितले होते, खात्याने इमारती वापरल्या. परंतु सरकारी करार ज्या पद्धतीने व्हावयास हवा तसा तो झालेला नव्हता. सरकारने पैसे देण्याचे नाकारले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर १९६१ मध्ये लागला आणि प्रमुख निकालपत्र लिहिले ते न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. साताऱ्याचे हे सुपुत्र पुढे १९६४ ते १९६६ या काळात देशाचे सरन्यायाधीश होते. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की दुसऱ्याने केलेले काम नाकारण्याची मोकळीक माणसाला असते. तुमचे बांधकाम काढून न्या, असे त्याला म्हणता येते. पण ते स्वीकारून त्याचा उपभोग घेतल्यावर, करार नव्हता म्हणून मोबदला देणार नाही, असे म्हणता येत नाही. हा दावा करार मोडल्याचा नव्हे. घेतलेल्या लाभाच्या भरपाईचा आहे.

देवघर पुढे घेतले गेले आणि त्यात नित्य पूजा होत असेल, तर मिस्त्रीला त्याचे पैसे मागण्याचा अधिकार आहे. मात्र किती, हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर आहे आणि येथेच गरीब मिस्त्री हरतो. त्याच्याजवळ मोजमाप नसते, फोटो नसतो, साक्षीदार म्हणजे दुसऱ्याच गावी कामावर गेलेला मजूर असतो. कायदा त्याच्या बाजूने आहे आणि कागद नाही, अशी ती अवस्था. त्यातही मुदतीचा मुद्दा आहे. १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद १८ प्रमाणे, सांगण्यावरून केलेल्या कामाच्या किमतीचा दावा, पैसे देण्याची वेळ ठरलेली नसल्यास, काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. ‘‘पुढच्या कापसावर देतो’’ या तोंडी आश्वासनाने ही मुदत थांबत नाही. तीन कापूस हंगाम निघून जातात आणि हक्क संपतो. मुदत संपण्यापूर्वी मालकाने बाकी मान्य केल्याची चार ओळींची सही केलेली चिठ्ठी दिली असेल, तर मात्र त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते.

वेळेचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि त्यावरील एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्राच्याच मातीतील आहे. नाशिकच्या डाव्या कालव्यावर दुसऱ्या मैलाजवळ आळंदी नदी आडवी येते. ही आळंदी म्हणजे नाशिककडील नदी; इंद्रायणीकाठच्या आळंदी क्षेत्राशी तिचा संबंध नाही. नदीवरून कालव्याचे पाणी पलीकडे नेणारा जलसेतू बांधण्याचा ठेका १९५५ मध्ये हिंद कन्स्ट्रक्शन काँट्रॅक्टर्स या पेढीला मिळाला. कामाची किंमत सुमारे १ लाख ७ हजार रुपये आणि मुदत बारा महिने. कामाचा आदेश निघाला तो जुलैमध्ये. जुलैमध्ये नाशिक भागात नदीपात्रात काय काम होणार, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. ठेकेदाराचे म्हणणे असे की अतिवृष्टी झाली, कामाच्या जागेपर्यंत धड रस्ता नव्हता, अधिकाऱ्यांनी साहित्य अकारण नापसंत केले. म्हणून मुदत वाढवून मिळावी. सरकारने मुदत न वाढविता ऑगस्ट १९५६ मध्ये ठेका रद्द केला. ठेकेदार न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयात तो जिंकला, उच्च न्यायालयात हरला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १९७९ मध्ये, ठेकेदाराच्या बाजूने. एका वर्षाच्या कामाच्या मुदतीचा वाद बावीस वर्षांहून अधिक काळ चालला!

न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर यांनी लिहिलेल्या या निकालातील तर्क प्रत्येक घरमालकाने समजून घेण्यासारखा आहे. करारात ‘मुदत हे कराराचे मर्म आहे’ असे लिहिले म्हणून ती आपोआप तशी होत नाही; संपूर्ण करार वाचावा लागतो. ज्या करारातच मुदत वाढवून देण्याची तरतूद आहे आणि उशीर झाल्यास दर दिवशी काही दंड घेण्याची तरतूद आहे, तो करार स्वतःच कबूल करतो की थोडा उशीर झाला तरी काम मोडणार नाही. अशा वेळी मालकाने आधी नोटीस देऊन वाजवी अशी नवी मुदत ठरवून द्यावयास हवी. ती उलटली तरच ठेका रद्द करता येतो. सरकारने तसे केले नव्हते. गावाच्या पातळीवर याचा अर्थ सरळ आहे. मिस्त्री पंधरा दिवस फिरकला नाही म्हणून रागाच्या भरात दुसरा मिस्त्री लावणारा मालक स्वतःची बाजू दुबळी करून घेतो. आधी लेखी कळवावे, तारीख द्यावी, झालेल्या कामाचे दोन जाणत्या माणसांसमक्ष मोजमाप करावे आणि मगच दुसऱ्याचा हात लागू द्यावा. एकदा दुसऱ्याचा हात लागला की पहिल्याने किती केले हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दंडाविषयी एक गैरसमज दृढ आहे. ‘उशीर झाल्यास दररोज हजार रुपये’ असे लिहिले की तेवढे कापून घेता येतात, असे मालक समजतो. करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. न्यायालय वाजवी भरपाईच मंजूर करते.

भाववाढीत ठेकेदाराची कोंडी होते. लोखंड आणि सिमेंट यांचे भाव २०२१-२२ मध्ये झपाट्याने चढले, तेव्हा मटेरियलसह ठेका घेतलेले कित्येक लहान ठेकेदार बुडाले. येथे न्यायालयाची भूमिका कठोर आहे. सैन्याला तुपाचा पुरवठा करणाऱ्या अलोपी प्रसाद अँड सन्स या पेढीने युद्धामुळे बदललेल्या परिस्थितीच्या आधारे वाढीव मोबदला मागितला होता. काम महाग झाले एवढ्या कारणाने ठरलेला दर बाजूला ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये सांगितले. म्हणून लोखंड-सिमेंट मालकाने आणून द्यावयाचे आणि ठेकेदाराने केवळ मजुरीचा दर घ्यावयाचा, ही या भागातील जुनी रीत लहान कामांना अधिक सोयीची वाटते. तिला कराचाही आधार आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात, संकुलाचा भाग नसलेल्या एका स्वतंत्र राहत्या घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला सूट आहे. मटेरियलसह ठेक्याला ती नाही. सिमेंटवरील कर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा उलट प्रश्न उभा राहिला की स्वस्ताईचा लाभ कोणाचा? कर वाढला वा घटला तर काय, याची एक ओळ करारात असावी.

कामाच्या दर्जाचा तंटा बहुधा पाण्याशी येऊन थांबतो. स्लॅब एप्रिल-मे महिन्यांत पडतो, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात ऊन चाळीस अंशांच्या वर असते आणि विहिरींचा तळ दिसत असतो. आयएस ४५६ हे काँक्रीटचे मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस, तर मिश्र सिमेंटला आणि कोरड्या-उष्ण हवेत किमान दहा दिवस ओलावा टिकवावयास सांगते. पण पाणी कोणी मारावयाचे, टँकरचे पैसे कोणाचे, हे ठरलेले असते काय? स्लॅबला बारीक भेगा दिसल्या की मालक सिमेंट कमी घातल्याचा आरोप करतो. ठेकेदार पाणी न मारल्याचा प्रत्यारोप करतो. स्लॅब टाकतानाच काँक्रीटचे घन ठोकळे भरून ठेवून अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत त्यांची चाचणी करविण्याचा खर्च संपूर्ण कामाच्या मानाने किरकोळ असतो. ठोकळ्याने दगा दिला तर दोष मिश्रणात. ठोकळे उत्तम आणि स्लॅब भेगाळलेला, तर नजर पाण्याकडे वळते.

इतके करूनही वाद झालाच तर जावे कोठे? बहुतेक जण प्रथम पोलीस ठाण्याची वाट धरतात आणि निराश होऊन परततात. काम अर्धवट टाकणे हा करारभंग आहे. फसवणुकीचा गुन्हा ठरण्यासाठी पैसे घेतानाच फसविण्याचा हेतू असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हृदयरंजन प्रसाद वर्मा प्रकरणात स्पष्ट केले आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी हे तत्त्व बदललेले नाही. स्वतःच्या राहत्या घरासाठी ठेका दिलेल्या मालकाला यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे, कारण घरबांधणी ही कायद्याने ‘सेवा’ आहे. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ठेकेदाराला तो मार्ग नाही. त्याला बाकीसाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते. दोघांना सोसवेल असा उपाय म्हणजे लोक अदालत. तेथे तडजोडीने होणारा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते आणि भरलेली न्यायालय फी परत मिळते.

मोठ्या संस्थांच्या करारांत लवादाचे कलम असते. लवाद नेमला म्हणजे त्वरित निकाल, अशी समजूत असते. दिल्लीच्या गुरु नानक फाउंडेशन या संस्थेचा रतनसिंग अँड सन्स या ठेकेदार पेढीशी इमारतीच्या कामावरून वाद झाला आणि तो लवादाकडे गेला. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात इमारतीचे काम बरे की वाईट हा प्रश्नच नव्हता. लवादाचा निवाडा कोणत्या न्यायालयात दाखल व्हावा, एवढाच होता. लवादाच्या मार्गाला आलेले स्वरूप पाहून वकील हसतात आणि कायद्याचे चिंतक रडतात, अशा अर्थाचे उद्गार न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी त्या निकालात काढले. त्यानंतर १९९६ मध्ये लवादाचा नवा कायदा आला आणि परिस्थिती पुष्कळ सुधारली. तरीही पाच-दहा लाखांच्या कामासाठी, दोघांचा विश्वास असलेला गावातीलच एखादा निवृत्त अभियंता करारातच नावानिशी नमूद करणे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो.

धर्मादाय संस्था जेव्हा मालकाच्या भूमिकेत असते तेव्हा जबाबदारी वाढते, कारण पैसा दात्यांचा असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील १९५१ च्या नियमांप्रमाणे लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात सांगावे लागते की पाच हजार रुपयांहून अधिक खर्चाच्या दुरुस्ती वा बांधकामासाठी निविदा मागविल्या होत्या काय. पाच हजारांत आज एक खोली रंगवून होत नाही. तरीही तो प्रश्न टाळता येत नाही आणि ‘ठेकेदार समाजातीलच होता’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

श्रोत्यांपैकी अनेकांना परिचित असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांतील चार शब्द जणू बांधकामाच्या जागेवर उभे राहून लिहिले असावेत. हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापात कमी-अधिक करणे. प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सल वस्तूच्या जागी तशी दिसणारी दुसरी खपविणे. कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे. हे तीन दोष ठेकेदारावर ढकलून मालकाला मोकळे होता येईल. पण चौथा शब्द न्यासापहार हा आहे, ठेवीचा अपहार. अंतिम देयकातून पाच-दहा टक्के अनामत राखून ठेवावयाची आणि एक पावसाळा निर्दोष गेल्यावरही ती परत करावयाची नाही, हा व्यवहार त्याच जातीचा होय आणि तो अनेकदा प्रतिष्ठितांकडून होतो.

अडकून पडलेला पैसा शेवटी कोणाच्या पोटातून जातो? याचे उत्तर बोरघाटात मिळते. आज रूढ असलेली ठेका आणि पोटठेका ही पद्धत महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर रुजली ती रेल्वेच्या कामांवर. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाच्या चढणीचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने विल्यम फ्रेडरिक फाविएल या ठेकेदाराला दिले आणि ते जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. त्याने कामाचे तुकडे पाडून पोटठेकेदारांकडे सोपविले. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याच्या मुळाशी थकलेली मजुरी होती. कंपनी आणि ठेकेदार यांच्यातील करारावर या मजुरांची सही नव्हती. तो करार त्यांनी पाहिलाही नव्हता. त्याच वर्षी फाविएलने काम सोडले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने दोन अभियंत्यांच्या व्यवस्थापनाखाली ते काम पुढे चालविले. १८६१ मध्ये या घाटात बेचाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. १८६३ मध्ये घाट पूर्ण झाला. चारच वर्षांनी, १८६७ मध्ये, याच घाटातील माऊकी मळी येथील दगडी पूल कोसळला आणि रेल्वेच्या दगडी बांधकामाच्या दर्जाची चौकशी करण्याची वेळ आली.

त्या उद्रेकानंतर १८६० चा नववा कायदा झाला. रेल्वे आणि अन्य सार्वजनिक कामांवरील मजूर व त्यांना कामाला लावणारे यांच्यातील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट निकालात काढावेत, अशी सोय त्यात होती. काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षेचीही तरतूद होती, हे विसरता कामा नये. ठेकेदाराने मजुरी बुडविल्यास ती मूळ मालकाने द्यावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी, हे तत्त्व कायद्यात स्पष्टपणे येण्यास १९७० चा कंत्राटी कामगार कायदा यावा लागला आणि तोही वीस वा अधिक मजूर लावणाऱ्या ठेक्यांपुरता.

बोरी अरबमधील घराच्या कामावर वीस मजूर नसतात. सहा-सात असतात. त्यांत दोन बाया असतात, स्लॅबच्या दिवशी घमेली वाहणारी मुले असतात आणि त्यांचा आठवड्याचा पगार बाजाराच्या दिवशी व्हावयाचा असतो. मालकाने ठेकेदाराचा हप्ता अडविला की सर्वप्रथम अडतो तो हा पगार. म्हणून देयक वादग्रस्त असेल तर वादाची रक्कम तेवढी बाजूला ठेवून उरलेली त्याच दिवशी द्यावी आणि अंतिम देयकाच्या पावतीवर ठेकेदाराच्या सहीबरोबर मजुरांची मजुरी चुकती झाल्याची, त्यांच्या सह्या-अंगठ्यांसह, एक नोंद घ्यावी. संस्थेच्या पुढील बांधकामाच्या निविदेत ही अट घालण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.